ऑनलाइन वैद्यकीय सल्लासेवा : कॉल संपतानाचे समाधान आणि नंतरचे

व्हिडिओ कॉलवर डॉक्टरांचा सल्ला घेणे आता कोणालाच नवलाचे वाटत नाही. वडिलांचा रक्तदाब, माझे थायरॉईडचे रिपोर्ट, धाकट्या भावाचा त्वचेचा त्रास आणि भाच्याचा दुखरा कान अशा निरनिराळ्या कारणांसाठी आमच्या घरात ही सेवा गेली काही वर्षे वापरली जात आहे, आणि तीही एकाच कंपनीची नव्हे. त्यामुळे हे परीक्षण कोणा एका अ‍ॅपचे नाही, या प्रकारच्या सेवेचे आहे. माझे मत सुरुवातीलाच सांगते. निदान झालेला, ओळखीचा आजार सांभाळण्यासाठी ही सेवा उत्तम आहे. नव्या दुखण्याचे मूळ शोधण्यासाठी ती अपुरी आहे. आणि रुग्णाचे समाधान ती ज्या पद्धतीने मोजते, ती पद्धत तिची सर्वांत कच्ची बाजू आहे. कॉल संपताच पडद्यावर पाच तारे उमटतात आणि ‘तुमचा अनुभव कसा होता?’ असे विचारले जाते. त्या क्षणी रुग्णाला उत्तर देता येते ते एवढेच, की डॉक्टर वेळेवर आले, नीट बोलले आणि आवाज स्पष्ट आला. औषध लागू पडले का, निदान बरोबर होते का, याचे उत्तर त्याच्या शरीराने अजून दिलेलेच नसते.

सोयीबद्दल फार लिहीत नाही, कारण तिच्याविषयी कोणाचे दुमत नाही. जिना उतरताना ज्यांचे गुडघे साथ देत नाहीत, ज्यांच्याकडे तान्हे बाळ आहे, ज्यांना दर वेळी कामावरून सुट्टी घेणे परवडत नाही, त्यांच्यासाठी प्रवास आणि ताटकळणे वाचणे हाच मोठा दिलासा असतो. माझ्या थायरॉईडचे उदाहरण या दृष्टीने अगदी योग्य आहे. गोळीचे प्रमाण बदलल्यानंतर साधारण सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच, म्हणजे थायरॉईडचे काम कसे चालले आहे हे दाखवणारे रक्तातले संप्रेरक, तपासायचे, आलेला आकडा आणि लक्षणे पाहून पुढचे प्रमाण ठरवायचे, हा क्रम एकदा बसला की प्रत्येक फेरीला डॉक्टरांसमोर जाऊन बसण्याची गरज क्वचितच पडते. रिपोर्ट आधी पाठवलेला असतो, डॉक्टरांनी तो पाहिलेला असतो आणि दहा मिनिटांचे बोलणे दहाही मिनिटे कामाचे होते. या कामासाठी मी पूर्ण समाधानी आहे.

वडिलांच्या बाबतीतला एक प्रसंग मात्र सविस्तर सांगायला हवा, कारण ही सेवा चांगल्या डॉक्टरांच्या हाती कुठवर पोहोचू शकते हे मला त्यातून कळले. रक्तदाबासाठी ते अ‍ॅम्लोडिपिन घेत होते आणि फेरतपासणीच्या कॉलवर त्यांनी काहीच तक्रार सांगितली नाही. बोलता बोलता डॉक्टरांनी विचारले, “काका, संध्याकाळी चपला घट्ट होतात का?” वडील थोडे थबकले आणि हो म्हणाले. त्यावर डॉक्टरांनी मला कॅमेरा त्यांच्या पायांकडे वळवायला सांगितला, पायमोजे काढायला लावले आणि घोट्याच्या वर, नडगीच्या हाडावर अंगठा काही सेकंद दाबून धरून मग सोडायला सांगितले. अंगठा काढल्यावर तिथे खळगा राहिला आणि तो लगेच भरून आला नाही. दुसऱ्या पायावरही तसेच करून झाले. मग प्रश्न आले : सूज दोन्ही पायांवर सारखीच आहे का, सकाळी उठल्यावर कमी असते का, आडवे झाल्यावर दम लागतो का, उशा वाढवाव्या लागल्या आहेत का, वजन अचानक वाढले आहे का, लघवीला फेस येतो का. या गोळीने घोट्यांवर सूज येऊ शकते, हे त्यांनी वडिलांना समजेल अशा भाषेत सांगितले. पण हृदय किंवा मूत्रपिंड हे कारण नाही याची खात्री झाल्याशिवाय दोष गोळीवर टाकता येणार नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले. रक्ताची आणि लघवीची तपासणी लिहून दिली, छाती प्रत्यक्ष तपासून घ्यायला सांगितली आणि तोपर्यंत गोळी आपल्या मनाने बंद करू नका असे बजावले. तपासण्या नीट आल्यावर औषध बदलले आणि सूज उतरली.

या कॉलमध्ये वाखाणण्यासारखे जे काही होते, त्याचा अ‍ॅपशी संबंध थोडा होता. चित्र स्पष्ट होते, कॉल तुटला नाही, मागचा रिपोर्ट डॉक्टरांसमोर होता, एवढे श्रेय सेवेचे. बाकी सगळे डॉक्टरांच्या प्रश्नांचे आणि त्या खोलीत कोणीतरी अंगठा दाबायला हजर होते याचे. हे दुसरे कारण आपण सहसा विसरतो. १९६८ मध्ये बॉस्टनच्या लोगन विमानतळावरील दवाखाना दुहेरी दूरचित्रवाणीने मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलला जोडला गेला. डॉ. केनेथ बर्ड यांचा तो उपक्रम आजच्या व्हिडिओ सल्ल्याचा पूर्वज मानला जातो. पण त्या व्यवस्थेत विमानतळावरील दवाखान्यात रुग्णाजवळ प्रशिक्षित परिचारिका होत्या, आणि दूर बसलेल्या डॉक्टरांना त्यांच्या हातांचा आधार होता. आजच्या घरगुती कॉलमधून तो हात काढून घेतला गेला आहे आणि त्याची जागा कोणी घेतली असेल, तर मुलगी, सून, नवरा किंवा शेजारी यांनी. एकट्या राहणाऱ्या वृद्धाला मिळणारा सल्ला आणि माझ्या वडिलांना मिळालेला सल्ला कागदावर एकच सेवा असली, तरी प्रत्यक्षात त्या दोन वेगळ्या सेवा आहेत. समाधानाच्या आकडेवारीत हा फरक कुठेही दिसत नाही.

घरच्या हातांना थोडे शिकवण्याची जबाबदारी सेवेने घ्यावी, असे मला मनापासून वाटते. रक्तदाब मोजण्याआधी पाच मिनिटे शांत बसणे, पाठ टेकवणे, पावले जमिनीवर सपाट ठेवणे, हात छातीच्या पातळीवर टेकवणे, पट्टा कापडावरून न बांधणे आणि मोजताना न बोलणे, या गोष्टी पाळल्या नाहीत तर आकडा फसवा येतो आणि त्या फसव्या आकड्यावर औषध वाढवले जाते. आम्ही वापरलेल्या सेवांपैकी एकाच सेवेने भेटीच्या आदल्या दिवशी हे सगळे लिहून पाठवले. इतरांनी फक्त भेटीची वेळ कळवली. बोटाला लावून ऑक्सिजन मोजणाऱ्या यंत्राबाबतही असेच आहे. बोटे थंड असतील किंवा नखांवर रंग असेल तर ते चुकू शकते. शिवाय २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका अभ्यासात असे आढळले, की यंत्र समाधानकारक आकडा दाखवत असतानाही रक्तात ऑक्सिजन कमी असण्याचे प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांमध्ये गोऱ्या रुग्णांच्या जवळजवळ तिप्पट होते. म्हणजे सावळ्या किंवा काळ्या रंगाच्या माणसाने यंत्रावरचा चांगला आकडा वाचून दाखवला आणि त्याला दम लागत असेल, तर डॉक्टरांनी आकड्यापेक्षा दमावर विश्वास ठेवला पाहिजे.

रुग्णाला ऐकून घेतले गेल्याची भावना हा समाधानाचा सर्वांत मोठा भाग असतो आणि या बाबतीत व्हिडिओ सल्ला काही वेळा प्रत्यक्ष भेटीपेक्षा सरस ठरतो, असा माझा अनुभव आहे. डॉक्टर रुग्णाचे पहिले बोलणे किती लवकर तोडतात यावर अमेरिकेत १९८४ मध्ये झालेला एक अभ्यास बराच गाजला होता. त्यात रुग्णाला सरासरी १८ सेकंद मिळत होते. २०१८ मधल्या एका अभ्यासात हा काळ ११ सेकंदांवर आलेला दिसला. प्रत्यक्ष दवाखान्यात दारावरची टकटक, बाहेरची गर्दी आणि मध्येच येणारे फोन यांमुळे बोलणे तुटते. पडद्यावर निदान तेवढा वेळ तरी डॉक्टरांसमोर एकच चेहरा असतो. पण त्याची दुसरी बाजूही आहे. काही डॉक्टर संपूर्ण कॉलभर खाली पाहून टंकत राहतात आणि रुग्णाला फक्त त्यांचे कपाळ दिसते. ‘मी लिहून घेते आहे, तुम्ही बोलत राहा’ एवढे एक वाक्य म्हटले तरी बोलणाऱ्याला धीर येतो. आवाजाबद्दल तर सेवांनी अधिक दक्ष असले पाहिजे. चित्र अडखळले तर भेट निभावते, आवाज तुटला की नाही. माझ्या वडिलांना ऐकू कमी येते आणि न ऐकलेल्या प्रश्नाला भिडेपोटी ‘हो’ म्हणण्याची त्यांची सवय आहे. अशा रुग्णांसाठी डॉक्टरांचे बोलणे पडद्यावर अक्षरांत उमटण्याची सोय असायला हवी.

आता ताऱ्यांकडे येते. २०१८ मध्ये अमेरिकेतील एका ऑनलाइन सल्लासेवेच्या आठ हजारांहून अधिक भेटींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. या सर्व भेटी सर्दी, खोकला, घसा, सायनस अशा श्वसनमार्गाच्या संसर्गासाठी होत्या. ज्या रुग्णांना अँटिबायोटिक लिहून मिळाले, त्यांच्यापैकी सुमारे ९१ टक्के जणांनी पाच तारे दिले. अन्य औषध मिळालेल्यांत हे प्रमाण ८६ टक्क्यांच्या आसपास होते आणि काहीच औषध लिहून न दिलेल्यांत जेमतेम ७३ टक्के. यांतले बरेचसे आजार विषाणूंमुळे होतात, त्यांवर अँटिबायोटिकचा उपयोग नसतो आणि विनाकारण घेतलेल्या अँटिबायोटिकने जंतू औषधांना दाद देईनासे होतात, हे डॉक्टरांना ठाऊक असते. तरीही ज्यांचे पुढचे काम ताऱ्यांच्या सरासरीवर अवलंबून आहे, त्यांच्यावर या आकड्यांचा दबाव येणार हे उघड आहे. योग्य निर्णयाला कमी गुण आणि रुग्णाच्या मनासारख्या निर्णयाला जास्त गुण देणारी मोजपट्टी सेवेच्या मध्यभागी ठेवली, तर सेवा हळूहळू त्या मोजपट्टीसारखीच होत जाते. लहान मुलांच्या बाबतीत तर हे अधिक काळजीचे आहे. २०१९ मध्ये अमेरिकेतीलच एका अभ्यासात श्वसनमार्गाच्या त्रासासाठी अशा थेट ऑनलाइन सेवेकडे गेलेल्या मुलांपैकी ५२ टक्क्यांना अँटिबायोटिक मिळाल्याचे दिसले, तर नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलेल्या मुलांमध्ये हे प्रमाण ३१ टक्के होते.

भावाचे उदाहरण याच मुद्द्याचे आहे. त्याच्या जांघेत आणि पोटावर खाजणारे चट्टे उठले होते. त्याने रात्री दिव्याच्या पिवळ्या उजेडात काढलेले दोन फोटो पाठवले, तीन-चार मिनिटांचे बोलणे झाले आणि एक मलम लिहून मिळाले. खाज लगेच थांबली. त्याने आनंदाने पूर्ण तारे दिले, शिवाय दोन ओळींचे कौतुकही लिहिले. पुढे काही आठवड्यांत चट्टे पसरले आणि प्रत्यक्ष दाखवल्यावर कळले, की मूळ आजार गजकर्ण होता आणि मलमात स्टेरॉइड होते. बुरशीच्या संसर्गावर स्टेरॉइड लावले की लाली आणि खाज दबते, कडांची ओळखीची गोल रेघ पुसट होते, बुरशी मात्र आतून वाढत राहते. त्यामुळे नंतर पाहणाऱ्या डॉक्टरांनाही ओळखणे कठीण जाते. त्वचेचे विकार फोटोवरून पाहता येतात हे खरे आहे, परंतु त्यासाठी दिवसाच्या उजेडातला फोटो हवा, एक जवळून आणि एक थोडा लांबून हवा आणि ‘आधी कोणते मलम लावले होते?’ हा प्रश्न हवाच हवा. त्या सेवेच्या नोंदीत भावाची ती भेट आजही अत्यंत समाधानकारक म्हणूनच असेल, कारण पुढे काय झाले हे त्याला कोणी विचारलेच नाही.

याच्या अगदी उलट घडले ते भाच्याच्या बाबतीत. कान दुखतो म्हणून बहिणीने रात्री कॉल लावला. डॉक्टरांनी ताप किती आहे, कानातून काही वाहते का, कानामागे सूज किंवा लाली आहे का, मूल खेळते-पिते आहे का, हे सगळे विचारले, वजन विचारून दुखणे कमी करणारे औषध त्या प्रमाणात सांगितले आणि मग म्हणाले, “ताई, कानाचा पडदा पाहिल्याशिवाय मी अँटिबायोटिक लिहिणार नाही आणि तो मला इथून दिसत नाही. उद्या प्रत्यक्ष दाखवा. कानामागे सूज आली किंवा मूल मलूल झाले, तर मात्र उद्याची वाट पाहू नका.” माझ्या मते आमच्या घरातला हा सर्वांत चांगला ऑनलाइन सल्ला होता. कॉलनंतर अ‍ॅपने विचारले : ‘तुमच्या समस्येचे निराकरण झाले का?’ आणि पर्याय दिले दोनच, हो आणि नाही. बहिणीने ‘नाही’ निवडले, कारण खरे उत्तर तेच होते, आणि त्या प्रामाणिक डॉक्टरांच्या नावावर एक नापसंती जमा झाली. ‘हे माझ्या आवाक्यातले नाही, प्रत्यक्ष दाखवा’ असे म्हणणे हा या सेवेतला सर्वांत मोलाचा निर्णय आहे आणि त्याची गणना अपयशात करणारी प्रश्नावली तातडीने बदलली पाहिजे.

अवेदिस डोनाबेडियन यांनी १९६६ मध्ये वैद्यकीय सेवेची गुणवत्ता तपासण्यासाठी रचना, प्रक्रिया आणि परिणाम अशी तीन अंगे मांडली, जी आजही वापरली जातात. ऑनलाइन सेवांची अभिप्रायाची पाने मी या नजरेने वाचून पाहिली. अ‍ॅप वापरायला सोपे होते का, हा रचनेचा प्रश्न. डॉक्टर आपुलकीने बोलले का, हा प्रक्रियेचा. परिणामाचा प्रश्न जवळजवळ कुठेच नाही. तो विचारणे अवघडही नाही : काही दिवसांनी एक छोटा निरोप पाठवावा, बरे वाटले का, औषध पूर्ण घेतले का, घेतल्यावर काही त्रास झाला का, याच दुखण्यासाठी दुसरीकडे जावे लागले का, एवढे विचारावे आणि ती उत्तरे त्याच डॉक्टरांपर्यंत पोहोचवावीत. प्रत्यक्ष दवाखान्यात तोच रुग्ण पुन्हा समोर येतो आणि डॉक्टरांना आपला अंदाज बरोबर होता की नाही हे कळते. ऑनलाइन सेवेत दर वेळी नवा डॉक्टर भेटत असेल, तर चूक त्यांच्यापर्यंत परत जातच नाही आणि रुग्णालाही आपली कहाणी दर वेळी पहिल्यापासून सांगावी लागते. आमच्या समाधानात सर्वांत मोठा फरक कशाने पडला असेल, तर तेच डॉक्टर पुन्हा मिळण्याने. ज्या सेवेत ठरावीक डॉक्टर निवडून त्यांच्याकडेच फेरतपासणी ठेवता येते, ती सेवा इतर बाबतींत थोडी कमी असली तरी मी तीच निवडीन.

काही दुखणी या सेवेकडे आणूच नयेत. छातीत दाब, अचानक लागलेला दम, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे, शुद्ध हरपणे, न थांबणारा रक्तस्राव, यांत अ‍ॅप उघडण्यात जाणारी मिनिटेसुद्धा महागात पडतात. चांगल्या सेवा नोंदणीच्या पहिल्याच पानावर हे प्रश्न विचारतात आणि एकाही उत्तरावर ‘हो’ आले की भेटीची वेळ न देता थेट तातडीच्या विभागाकडे जायला सांगतात. पोटदुखीचेही तसेच. पोट दाबून पाहिल्याशिवाय, दाबलेला हात सोडल्यावर कळ येते का हे समजल्याशिवाय अपेंडिक्सची शंका पुरती मिटत नाही.

एकांताचा प्रश्न मात्र याहून अधिक गंभीरपणे घ्यायला हवा, कारण त्याची चर्चा कमी होते. दवाखान्याचे दार बंद झाले की रुग्ण आणि डॉक्टर दोघेच उरतात. घरात तसे होत नाही. मनाचा त्रास, लैंगिक आरोग्य, घरातली मारहाण यांबद्दल बोलणाऱ्याच्या पाठीमागे नेमके तेच लोक बसलेले असू शकतात, ज्यांच्यासमोर बोलता येत नाही. माझ्या एका मैत्रिणीच्या समुपदेशक प्रत्येक कॉलच्या आरंभी विचारत, “आत्ता तुम्ही एकट्या आहात का? मोकळेपणाने बोलता येईल का?” आणि उत्तर नकारार्थी असेल तर केवळ लिहून बोलण्याचा पर्याय देत. मैत्रिणीने त्या सेवेला अखेरपर्यंत धरून ठेवले, त्याचे कारण ती हेच सांगते. कुठल्याही अ‍ॅपच्या प्रश्नावलीत याविषयी प्रश्न मी पाहिलेला नाही.

कॉलनंतर हाती येणाऱ्या चिठ्ठीवरून मी सेवेची पारख करते. डॉक्टरांचे नाव आणि नोंदणी क्रमांक, औषधाचे मूळ नाव, प्रमाण, किती दिवस आणि जेवणाआधी की नंतर, संशयित निदान काय, आणि कोणती लक्षणे दिसल्यास वाट न पाहता प्रत्यक्ष जायचे, हे सगळे त्यात असेल तर पुढच्या कोणत्याही डॉक्टरांना ती चिठ्ठी उपयोगी पडते. वडिलांच्या त्या कॉलनंतरच्या चिठ्ठीत सुजेची नोंद, विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे आणि तपासण्या लिहून देण्यामागचे कारण असे तिन्ही होते, त्यामुळे छाती तपासणाऱ्या डॉक्टरांना आम्हाला काहीच नव्याने सांगावे लागले नाही. भावाच्या चिठ्ठीत मलमाचे व्यापारी नाव आणि ‘दिवसातून दोनदा’ एवढेच होते, निदानाची जागा कोरी होती.

हल्ली मी कॉल संपताच तारे देत नाही. अभिप्रायाचे पान बंद करते, उपचार पूर्ण झाल्यावर पुन्हा उघडते आणि ताऱ्यांखालच्या मोकळ्या चौकटीत काय दुखत होते, काय सांगितले गेले आणि पुढे काय झाले हे लिहिते. काही सेवांमध्ये हे पान दुसऱ्या दिवशी उघडतच नाही. त्यांना मी हीच तक्रार लेखी पाठवली आहे.